चिखल्याला आलेली बाटली

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. दिवाळीत चिखल्याला गेलो होतो. तिथून आल्यापासून एका बाटलीने डोकं खाल्लं आहे, ते इथे उतरवून टाकतो. नातेवाईक मंडळींपैकी ज्यांना 'आता दारूवर लेख?' असं वाटेल त्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावं आणि मग आईकडे तक्रार करावी. तिला सगळं माहीत आहे.

झालं असं की माझा भाचा दिवाळीला आला. तो खाणकाम शिकलेला. सध्या दक्षिण आफ्रिकेत कालाहारी वाळवंटाच्या बाजूला मँगेनीजच्या खाणीत नोकरीला आहे. तिथल्या एका गावाचं नाव हॉटाझेल. इंग्रजीत भराभर म्हणून बघा, म्हणजे उन्हाळा कसा असतो ते कळेल. (मे महिन्यात तुमसर स्टेशनावर गाडीची वाट पाहिलेल्यांना त्याचं फार कौतुक वाटणार नाही.) सगळ्यांना काही ना काही आणलं होतं. बाबांसाठी आणि माझ्यासाठी मिळून एक बाटली होती, लाल वाईनची. आईने ती बघितली आणि "देवघरासमोर नको" एवढंच म्हणाली. मग ती आतल्या खोलीत पत्र्याच्या कपाटावर, गाद्यांच्या मागे गेली.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. सगळी नोकरी चिखल्याच्या खाणीत झाली, हजेरीच्या खिडकीपाशी. त्यामुळे कुठलाही कागद हातात आला की आधी नाव वाचायचं ही सवय. चष्मा लावून त्यांनी बाटलीवरची अक्षरं लावली आणि विचारलं, "हा पॉल कोन होय गा?"

बाटलीवर नाव होतं 'पॉल सावर'. मळ्याचं नाव कानोनकॉप, गाव स्टेलनबॉश. भाच्याला एवढंच माहीत होतं की ही तिकडची नावाजलेली वाईन आहे आणि बोर्डो पद्धतीची आहे. पॉल कोण ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, बघून सांगतो.

आधी थोडं आमच्या गावाविषयी. चिखला म्हणजे भंडारा जिल्ह्याच्या वरच्या टोकाला, तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून. खाली मँगेनीज, वर धान आणि मोहाची झाडं. डोंगरी बुजुर्ग, सीतासावंगी ही शेजारची गावंसुद्धा मँगेनीजचीच. इंग्रजांच्या कंपनीने १८९६ पासून या भागात हातपाय पसरले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कॉकेशसमधल्या खाणी रशियातल्या धामधुमीने अडल्या, तेव्हा आमच्याकडचा काळा दगड बोटीत बसून युरोपच्या पोलादाच्या भट्ट्यांपर्यंत जायचा. १९६२ मध्ये सरकार त्यात भागीदार झालं आणि १९७७ मध्ये पूर्ण मालक. आजोबा कंपनीच्या काळातले, बाबा दोन्ही काळांतले. आता भाचा कालाहारीत, जिथे जगातल्या ज्ञात मँगेनीजचा फार मोठा हिस्सा जमिनीखाली आहे. आणि गंमत बघा, ज्या मध्य प्रांतातून मँगेनीज जगभर जायचं त्या देशात आज दक्षिण आफ्रिकेहून मँगेनीज येतं. त्याच वाटेने ही बाटली आली म्हणायची.

आता 'बोर्डो पद्धत'. हे मी बाबांना कसं समजावलं ते सांगतो, कारण त्यामुळे मलाच ते नीट कळलं. आमच्याकडचा शेतकरी सगळ्या बांध्यांत एकच धान लावत नाही. थोडं हलकं धान, ते लवकर निघतं. थोडं मध्यम. आणि खोलगट बांधीत भारी धान, त्याला वेळ लागतो. पाऊस लवकर गेला तर हलकं हाताशी लागतं, शेवटपर्यंत टिकला तर भारी भरून येतं. फ्रान्समध्ये बोर्डो नावाचं बंदर आहे, समुद्राजवळचं, दमट हवेचं, कधी कुठला पाऊस येईल याचा भरवसा नसलेलं. तिथले शेतकरी हेच करतात. मेर्लो हे हलकं द्राक्ष, लवकर पिकतं. कॅबर्ने सोव्हिन्यों हे भारी, उशिरा पिकणारं. कॅबर्ने फ्रां मधलं. जोडीला पेती व्हर्दो, माल्बेक. प्रत्येकाची वाईन वेगळी करायची, पिंपांत मुरवायची आणि मग त्या वर्षी जे जसं साधलं असेल त्या मापाने एकत्र करायची. कॅबर्नेचा कणा, मेर्लोचा मऊपणा. मोठ्या चवीची म्हणून जी गोष्ट जगभर मिरवते तिच्या मुळाशी पावसाची भीती आहे. बाबांनी मान हलवली. "म्हंजे दोन्ही हातांनी धरून ठेवनं."

दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला ही गरज तेवढी नाही. तिथे उन्हाळा कोरडा असतो, पाऊस हिवाळ्यात पडतो. तरी ही पद्धत तिथे गेली, कारण मोठं व्हायचं तर बोर्डोसारखं व्हायचं, असं सगळ्या जगाने ठरवून टाकलेलं होतं. पण द्राक्षवेल मात्र त्याच्या फार आधी गेली होती. १६५२ मध्ये यान फान रीबेक डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने केपला उतरला. भारताकडे जाणाऱ्या जहाजांना ताजा भाजीपाला मिळावा म्हणून ते ठाणं. तीन वर्षांनी वेली लावल्या आणि २ फेब्रुवारी १६५९ या दिवशी केपच्या द्राक्षांची पहिली वाईन झाल्याची नोंद त्याने देवाचे आभार मानून रोजनिशीत केली. एखाद्या देशाच्या दारूची जन्मतारीख इतकी नेमकी सहसा सापडत नाही. पुढे कॉन्स्टँशियाची गोड वाईन युरोपच्या राजघराण्यांत गेली, सेंट हेलेनाला कैदेत असलेल्या नेपोलियनपर्यंत गेली. फ्रान्समधून पळून आलेले प्रोटेस्टंट १६८८ च्या सुमारास तिथे वसले. हे सगळं वाईनच्या पुस्तकांत भरपूर मिळतं.

त्या पुस्तकांत जे पटकन उरकतात ते म्हणजे या वेलींची माती कोणी उकरली. केपला गुलाम आणले ते मादागास्करहून, मोझांबिकहून, इंडोनेशियाच्या बेटांवरून आणि हो, आपल्याकडून. बंगाल, कोरोमंडल, मलबार. त्यांच्या नावापुढे गावाचं नाव लागायचं, 'बंगालची', 'मलबारचा'. बंगालची अँजेला ही बाई १६५७ मध्ये खुद्द रीबेकच्या घरात गुलाम म्हणून आली, १६६६ मध्ये मोकळी झाली, एका युरोपीय माणसाशी लग्न केलं, स्वतःची मालमत्ता केली. तिचं नाव राहिलं कारण ती सुटली. बाकीच्यांची नावं मालकांच्या मालमत्तेच्या याद्यांत आहेत, पिंपांच्या आणि बैलांच्या जोडीला. आपण गांधीजींपासून दक्षिण आफ्रिका शिकतो, म्हणजे १८९३ पासून. फार तर १८६० च्या नाताळातल्या उसाच्या गिरमिटियांपासून. पण भारतीय माणूस तिथे त्याच्या दोनशे वर्षं आधी पोचला होता. गुलामी १८३४ मध्ये उठली, तरी उमेदवारीच्या नावाखाली आणखी चार वर्षं काम करून घेतलंच.

आणि मग 'डॉप'. मळ्यावरच्या मजुराला मजुरीचा काही भाग वाईनमध्ये द्यायचा. चांगली वाईन नव्हे, जी विकायच्या लायकीची नाही ती. सकाळी एक डबा, मधे एक, संध्याकाळी एक. पैसे कमी द्यावे लागतात आणि माणूस मळा सोडून कुठे जात नाही. गुलामी गेल्यावर तर ही युक्ती आणखीच उपयोगी पडली. पुढे कायद्याने बंदी आली, तरी ती सगळीकडून उठायला १९९०चं दशक उजाडलं. गरोदर बाईच्या पिण्यामुळे बाळात जन्मतःच येणारं व्यंग जगात सर्वात जास्त आढळलेल्या भागांत या वेस्टर्न केपचं नाव आहे. सुंदर डोंगर, पांढऱ्या भिंतींची डच घरं, आणि हे.

हे सांगताना बाबा जरा गप्प झाले. आमच्याकडे उलट होतं. तिथे मजुराला दारू पाजायचे, इथे त्याची स्वतःची दारू काढून घेतली. मोहाची फुलं मार्च-एप्रिलात पहाटे पडतात, टोपलीत वेचायची, वाळवायची. काही खायची, काही विकायची, काहींची दारू. गोंडांच्या घरात ती लग्नाला लागते, देवाला लागते. इंग्रजांना त्यात अबकारी उत्पन्न दिसलं. घरी गाळणं गुन्हा झाला आणि सरकारमान्य दुकानातून घेणं कायदेशीर. स्वातंत्र्यानंतरही ती 'हातभट्टी'च राहिली. आणि २००१ मध्ये आपल्या राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं तेव्हा महाराष्ट्राच्या द्राक्षांच्या वाईनला अबकारी माफ. नाशिक-नारायणगावच्या शेतकऱ्याचं भलं झालं असेल तर मला आनंदच आहे, द्राक्षबागाईतदाराचे हाल मी पाहिले आहेत. पण एक फळ शेतीमाल आणि एक फूल गुन्हा, हे गणित मला लहानपणापासून सुटलेलं नाही. मोहफुलं गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंध उठायला २०२१ साल यावं लागलं. असो. वाहवत चाललो.

तर पॉल सावर.

दक्षिण आफ्रिकेत वाईनचा कारभार बरीच वर्षं एका सहकारी संस्थेच्या मुठीत होता. ती १९१८ मध्ये निघाली. १९५७ पासून तर कोणी कुठे किती वेली लावायच्या त्याचाही कोटा होता, तो थेट १९९२ पर्यंत. बराचसा माल ब्रँडीच्या भट्टीत जायचा. अशात काही मळेवाल्यांनी ठरवलं की आपण बोर्डोच्या तोडीचं काही करू. १९७९ मध्ये वेल्गमीन्ट नावाच्या छोट्या मळ्याने पहिलं मिश्रण केलं. १९८० मध्ये मीअरलस्टचं 'रुबिकॉन' आलं आणि १९८१ मध्ये कानोनकॉपचं 'पॉल सावर'. यात साधारण दहातले सात हिस्से कॅबर्ने सोव्हिन्यों, उरलेल्यात कॅबर्ने फ्रां आणि मेर्लो. रस उघड्या, उथळ सिमेंटच्या हौदात आंबवतात आणि वर येणारा सालींचा थर थोड्या थोड्या वेळाने माणसं दांड्याने खाली दाबतात, रात्रीसुद्धा. मग दोनेक वर्षं फ्रेंच ओकच्या पिंपात. मळ्याचं नाव तोफेवरून पडलं. टेबल बेमध्ये जहाज लागलं की या टेकडीवरची तोफ उडायची, म्हणजे आसपासचे शेतकरी माल घेऊन निघत. या वाईनने लंडनच्या स्पर्धांत फ्रेंच घराण्याच्या नावाचे चषक मिळवले आणि २०१५ च्या हंगामाच्या बाटलीला एका इंग्रज परीक्षकाने शंभरपैकी शंभर दिले.

आणि ज्याचं नाव बाटलीवर आहे तो मळ्याचा मालक होता, आणि मंत्री होता. १८९८ चा जन्म. वडीलही मंत्री. काळ्या लोकांना देशातल्या बहुतेक जमिनीवर मालकी नाकारणारा १९१३ चा कायदा त्यांनीच मांडला होता. मुलगा त्यांच्याही पुढे गेला. १९४७ मध्ये नॅशनल पार्टीने एक समिती नेमली, तिचा अध्यक्ष पॉल सावर. तिचा अहवाल 'सावर अहवाल' म्हणून ओळखला जातो. पुढच्या वर्षी निवडणूक जिंकून त्या पक्षाने जे राज्य चालवलं, ज्याला सगळं जग 'अपार्थाइड' म्हणतं, त्याचा आराखडा या अहवालात होता. भारतीय लोक या देशात मिसळू न शकणारे परके आहेत, त्यांना परत धाडावं, हे त्या पक्षाचं तेव्हाचं धोरण. नव्या सरकारात सावर वाहतूक मंत्री झाला आणि १९४८ च्या ऑगस्टमध्येच केप टाउनच्या लोकल गाड्यांत वर्णानुसार डबे वेगळे झाले. १८९३ मध्ये पीटरमॅरिट्झबर्गच्या फलाटावर एका बॅरिस्टरला उतरवलं ते गार्डाच्या मर्जीने. आता ते सरकारी वेळापत्रकात आलं.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. बाटली कपाटावर होती आणि मला तिच्याकडे बघवेना.

आपल्या देशाचंही थोडं सांगितलं पाहिजे. भारतीयांना जमिनी घेण्यापासून रोखणारा कायदा १९४६ मध्ये तिकडे झाला, तेव्हा स्वातंत्र्य मिळायच्याही आधी भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. असं करणारा पहिला देश आपला. आमचे एक काका मस्कतला गेले होते, त्यांच्या जुन्या पासपोर्टावर दक्षिण आफ्रिकेसाठी तो चालणार नाही असं छापलेलं मी लहानपणी वाचलं आहे. सगळं जग मोकळं, फक्त हे बंद. का, असं विचारल्यावर काका म्हणाले होते, "तिथे आपल्याला माणूस समजत नाहीत, म्हणून आपणच जात नाही." संबंध पुन्हा जुळले १९९३ मध्ये. म्हणजे ही वाईन पहिल्यांदा पिंपात भरली तेव्हा तिने सरळ मार्गाने चिखल्याला येणं शक्यच नव्हतं.

इथवर गोष्ट सोपी आहे. वाईट माणूस, बाटली ओतून टाका. पण इतिहास असा हातात बसत नाही. १९६० च्या मार्चमध्ये शार्पव्हिलला पोलिसांनी गोळ्या घातल्या, ६९ माणसं मेली. त्यानंतर पंतप्रधान फेरवुर्ट स्वतः गोळी लागून दवाखान्यात असताना हाच सावर हुमान्सडॉर्प नावाच्या गावात उठून बोलला. दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासाचं जुनं पुस्तक शार्पव्हिलला मिटलं, काळ्या लोकांशी वागण्याची रीत बदलली पाहिजे, अशा अर्थाचं. त्याच्याच सरकारने ते झटकून टाकलं. त्यानेही राजीनामा दिला नाही, १९६४ पर्यंत मंत्री राहिला. मला विचाराल तर या भाषणाने मी त्याला सोडत नाही. उलट जास्त राग येतो. कळत होतं म्हणजे!

तो १९७६ मध्ये गेला. पाच वर्षांनी घरच्यांनी आपल्या सगळ्यात चांगल्या वाईनला त्याचं नाव दिलं. पाटबंधारे खातंही त्याच्याकडे होतं म्हणून एका मोठ्या धरणालाही त्याचं नाव होतं. देश बदलल्यावर १९९०च्या दशकात त्या धरणाचं नाव काढलं, आता ते नदीच्या नावाने कौगा धरण आहे. वाईनचं नाव राहिलं. धरण सरकारचं, बाटली घरची, हे कारण मला समजतं. घरच्या म्हाताऱ्याचं नाव कोण पुसतं? याच डोंगररांगांच्या पलीकडे, पार्लजवळच्या तुरुंगातून ११ फेब्रुवारी १९९० ला मंडेला चालत बाहेर आले, तेव्हा आसपासच्या मळ्यांत द्राक्षं तोडणीला येत होती. फेब्रुवारी म्हणजे तिकडे हंगामच.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना सगळं सांगितलं. भाचाही ऐकत होता, त्याचा चेहरा पडला. बिचाऱ्याने पगारातून आणलेली. तो म्हणाला, "आजोबा, माझ्या शिफ्टमध्ये वर्णावरून कोणी वेगळं बसत नाही. माझा साहेबच काळा आहे." ते मला आवडलं. बाबा बराच वेळ बाटली फिरवून बघत होते. मग म्हणाले, "यानं अंगूर तोडले का? हौदात दांडा यानं मारला का?" मी म्हटलं, नाही, तो तर ही व्हायच्या आधीच मेला होता. "मंग ज्याईनं तोडले त्याईचं नाव कुठं आहे?" आम्ही तिघांनी मागचा-पुढचा कागद वाचला. कुठे नव्हतं. "नसनारच," बाबा म्हणाले. चाळीस वर्षं हजेरी लिहिलेल्या माणसाला आणखी कोण सांगणार? मँगेनीजच्या वाघिणीवर तरी कुठे कोणाचं नाव असायचं.

मग त्यांनी पकड मागितली. बूच काढायचं ते मळसूत्र आमच्याकडे कुठून असणार! एक लांब स्क्रू बुचात पिळला, पकडीने धरला आणि बाबांनी या वयात ते असं काही ओढलं की भाचा बघतच राहिला. स्टीलच्या पेल्यांत तीन वाटे केले. आई ओसरीवर जाऊन बसली, पाठ करून, पण ऐकू येईल इतक्या अंतरावर.

चव? आधी जांभळासारखी, मग तुरट, आणि तो तुरटपणा जिभेच्या कडांना धरून बसतो. मला आवडली. आवडली याचा जरा त्रासही झाला. बाबांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला. "कातावानी लागते." बरोबरच आहे, दोन्हींत टॅनिनच. दुसरा घोट घेऊन म्हणाले, "मोहाची बरी. पन ज्यानं केली त्याले येतं काम."

उरलेली बाटली दोन दिवसांत संपली. निघायच्या दिवशी बघितलं तर आईने ती कोमट पाण्यात भिजत घातली होती, कागद सुटावा म्हणून. बाबांच्या गुडघ्यांना मोहाच्या बियांचं, म्हणजे टोरीचं तेल लागतं, आणि असं जाड काचेचं भांडं गावात मिळत नाही म्हणे.